पटावरचे 15,322

ओहायो राज्याच्या शिक्षण विभागाने 2016 साली एका शाळेपुढे दोन आकडे मांडले. 2015-16 या वर्षासाठी शाळेने दाखवलेले पूर्णवेळ विद्यार्थी 15,322. विभागाला पुराव्यानिशी मान्य झालेले 6,313. शाळेचे नाव ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’. लोक तिला नुसते ‘ईकॉट’ म्हणत. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन चार्टर शाळांमध्ये तिची गणना होई. बालवाडीपासून बारावीपर्यंतचे वर्ग होते, पण तिच्याविषयीचा खरा वाद पेटला तो हायस्कूलवरून.

या दोन आकड्यांमधले अंतर 9,009. ते वाचताच मराठी वाचकाला 2011 चा ऑक्टोबर आठवेल. तेव्हा महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लागली आणि पटावरची लाखो नावे उघडी पडली. मलाही तेच आठवले होते. ईकॉटची कागदपत्रे वाचत गेलो तसे लक्षात आले की ही तुलना अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. आपल्याकडे प्रश्न होता, हे मूल आहे का? ओहायोत मूल होते, त्याला नाव-गाव-पत्ता होता, बहुतेकदा घरी शाळेने दिलेला संगणकही होता. प्रश्न होता, हे मूल किती शाळा शिकले?

तिथल्या हिशेबाची रीत अशी. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण जिल्हा शिक्षण मंडळाच्या रोजच्या कारभाराबाहेरची शाळा. तिला एक प्रायोजक संस्था सनद देते आणि राज्य विद्यार्थ्यामागे पैसे देते. ओहायोत शाळेला वर्षाला किमान 920 तासांचे शिक्षण उपलब्ध करून द्यावे लागे. ते तास ज्याच्या नावावर भरले तो एक पूर्णवेळ विद्यार्थी. निम्मे भरले तर अर्धा. म्हणून 6,313 ही मुलांची संख्या नव्हे, ती तुकड्यांची बेरीज आहे. कुणी पाव, कुणी अर्धे, कुणी पूर्ण. ‘नऊ हजार मुले गायब’ असे म्हणणारा हा कागद चुकीचा वाचतो, आणि त्या चुकीमुळे शाळेचा दोष उलट हलका होतो. बोगस नावे काढून टाकली की प्रकरण मिटते. इथे खऱ्या मुलांची वर्षे रिकामी गेली होती.

पडताळणीची पद्धत साधी होती. मार्च 2016 च्या प्राथमिक तपासणीत विभागाने काही विद्यार्थ्यांच्या लॉग-इनच्या नोंदी मागवल्या. त्यातली बहुतेक मुले दिवसाला तासभर शाळेच्या यंत्रणेवर दिसली. 920 तास पुरे व्हायचे तर सुमारे पाच तास लागतात. शाळेचे म्हणणे, मुले संगणक बंद करूनही वाचतात, लिहितात, ते तासही धरा. म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. मात्र त्या तासांच्या पुरेशा नोंदी शाळेकडे नव्हत्या. जे लिहिलेच नाही त्याचे अनुदान कसे द्यायचे, असा विभागाचा पवित्रा होता. विभागाने सुमारे 6 कोटी डॉलर परत मागितले. पुढच्या वर्षाच्या तपासणीनंतर त्यात आणखी सुमारे 1 कोटी 90 लाखांची भर पडली.

शाळा कोर्टात गेली ती 2003 चा एक करार घेऊन. शिक्षण विभागाशीच झालेल्या या करारावर तिची सारी भिस्त होती. तिचा युक्तिवाद असा: पैसे पटसंख्येवर मिळायचे ठरले, लॉग-इनच्या मिनिटांवर नाही. इतकी वर्षे विभागानेही मिनिटे मोजली नाहीत, मग मध्येच नियम कसा बदलता? हा मुद्दा मला वजनदार वाटतो. तेरा वर्षे ज्याने घड्याळ पाहिले नाही, त्याने चौदाव्या वर्षी उशिराचा दंड मागावा, यात काहीतरी खटकते. मात्र त्या करारामागची पार्श्वभूमी दुसऱ्या एका कागदात आहे, आणि तो कागद शाळेच्या फारसा सोयीचा नाही.

शाळा सुरू झाली 2000 मध्ये. पहिल्याच वर्षीच्या कारभाराचे राज्याच्या लेखापरीक्षकांनी परीक्षण केले. तेव्हा लेखापरीक्षक होते जिम पेट्रो. त्या अहवालानुसार सप्टेंबर 2000 मध्ये राज्याने ईकॉटला 2,270 विद्यार्थ्यांचे पैसे दिले होते. त्या महिन्यात शाळेच्या यंत्रणेवर लॉग-इन केलेली मुले होती सात.

सात! नव्या शाळेची घडी बसायला वेळ लागतो, संगणक पोहोचायचे असतात, तारा जोडायच्या असतात, हे सगळे मान्य. तरीही या कागदाचे महत्त्व वेगळे आहे. पट आणि लॉग-इन यांत दरी असू शकते हे सरकारला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. 2003 चा करार या माहितीनंतरचा आहे. 2016 ची पडताळणी म्हणजे अचानक लागलेला शोध नव्हता, पंधरा वर्षे पुढे ढकललेले काम होते.

मधल्या काळातली सार्वजनिक आकडेवारी काय सांगते? राज्याच्या वार्षिक प्रगतिपत्रकांत ईकॉटचे चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याचे प्रमाण 40 टक्क्यांच्या खाली रेंगाळत होते. मे 2016 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने केंद्रीय आकडेवारी चाळून लिहिले की वेळेत हायस्कूल पूर्ण न करणाऱ्या किंवा मध्येच सोडणाऱ्या मुलांची संख्या देशात सर्वांत जास्त याच शाळेत आहे. तेव्हा वेळेत हायस्कूल पूर्ण करण्याची राष्ट्रीय सरासरी 80 टक्क्यांच्या वर होती.

इथे जरा थांबायला हवे. चार वर्षांच्या या आकड्यात नववीच्या प्रवेशापासून गणना होते, आणि मूल शेवटी ज्या शाळेच्या पटावर असते तिच्या खात्यात यश किंवा अपयश पडते. तीन वर्षे दुसरीकडे नापास होत आलेले मूल बारावीच्या वयात ईकॉटमध्ये आले आणि गळाले, तर डाग ईकॉटवर. शाळा हे वारंवार सांगत होती आणि आकड्याची रचना पाहता त्यात तथ्य होते. आजारी, छळाला कंटाळलेली, लहान वयात आई झालेली, नोकरी करणारी मुले अशा शाळांकडे वळतात. एकट्या पदवीच्या टक्क्यावरून शाळेला दोषी ठरवू नये असे मीही म्हणेन. पण तोच टक्का लॉग-इनच्या तासांशेजारी ठेवला की शाळेचा बचाव लंगडा पडतो. मुले मागे पडलेली होती म्हणून त्यांना जास्त तास हवे होते. त्यांच्या नावावर दिसतो तो दिवसाचा एक तास.

शिवाय आकडे छापणारे हातही कोरे नव्हते. जुलै 2015 मध्ये शिक्षण विभागातले डेव्हिड हॅन्सन यांना राजीनामा द्यावा लागला. चार्टर शाळांच्या प्रायोजक संस्थांचे मूल्यमापन करताना त्यांनी ऑनलाइन शाळांचे नापास शेरे गणनेतून वगळले होते, आणि त्यांनी ते कबूल केले. म्हणजे प्रगतिपत्रकावर शेरा ‘एफ’ होता, पण त्या शेऱ्यावरून ज्यांना जाब विचारायचा त्यांच्या गुणपत्रिकेत तो पोहोचलाच नाही. सार्वजनिक आकडेवारी वापरणाऱ्याने हे प्रकरण गाठीशी बांधून ठेवावे. प्रत्येक शाळेचा आकडा खरा होता. बेरीज तेवढी खोटी होती.

पैशाची वाट तुलनेने स्वच्छ दिसते. संस्थापक विल्यम लेगर यांच्या दोन खासगी कंपन्या, एक व्यवस्थापन करणारी आणि एक अभ्यासक्रमाची प्रणाली पुरवणारी, शाळेकडूनच पैसे घेत. सगळ्या वर्षांत मिळून हा आकडा 20 कोटी डॉलरच्या घरात जातो. लेगर राजकीय देणग्या देत. शाळेच्या पदवीदान समारंभाला जेब बुश आले, राज्यपाल जॉन केसिक आले. राज्याचे लेखापरीक्षक डेव्ह योस्टही आले होते, आणि त्यांच्या कार्यालयाने या शाळेला नीटनेटक्या हिशेबाबद्दल गौरवलेही होते. यावरून लाच सिद्ध होत नाही. हिशेबाची वही नीट असणे आणि वहीतली गोष्ट खरी असणे यांची तपासणी वेगवेगळी असते, एवढे मात्र दिसते. पावत्या जुळत होत्या. तास कोणी पाहिले नव्हते.

नंतर याच योस्ट यांनी मे 2018 मध्ये अहवाल काढला. शाळेने विभागाला दिलेल्या तासांत संगणकासमोर कोणी काही करत नसलेला वेळही मोजला होता, असे त्यात म्हटले आणि प्रकरण फिर्यादी वकिलांकडे पाठवले. तोवर शाळा उरली नव्हती. 18 जानेवारी 2018 रोजी प्रायोजक संस्थेने ती थांबवण्याचा निर्णय घेतला होता. वर्ष निम्मे झाले होते आणि सुमारे 12,000 मुलांना दुसरी शाळा शोधायची होती. कोलंबस शहराच्या दक्षिणेला एका जुन्या मॉलमध्ये मुख्यालय होते, तिथले सामान लिलावात गेले.

ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 8 ऑगस्ट 2018 ला आला, चार विरुद्ध दोन, विभागाच्या बाजूने. निर्णायक ठरले कायद्यातले एक रुक्ष कलम: ऑनलाइन शाळेत 24 तासांत विद्यार्थ्याचे 10 पेक्षा जास्त तास धरू नयेत. बहुमताच्या मते कमाल मर्यादा घालायची तर मोजणी अध्याहृतच आहे. कोणी मोजणारच नसेल, तर दहाची मर्यादा कशाला लिहायची? 2003 च्या कराराला या वाचनात फारशी जागा उरली नाही. ते कलम वर्षानुवर्षे सर्वांसमोर छापील पडून होते.

जून 2022 मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी अंतिम येणे काढले: सुमारे 11 कोटी 70 लाख डॉलर. तोपर्यंत योस्ट राज्याचे ॲटर्नी जनरल झाले होते, आणि वसुलीचे काम त्यांच्याच कार्यालयाकडे होते.