ओळखीचा पाहुणा ते मेंबर नंबर

1981 साली अमेरिकन एअरलाइन्सला एका साध्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं: आपल्या विमानांनी वरचेवर प्रवास करणारी माणसं नेमकी कोण? कंपनीकडे ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण यंत्रणा होती, पण तिच्यात नोंद तिकिटांची होती, माणसांची नव्हती. मग आरक्षणांमध्ये पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधले गेले. एकाच नंबरवरून सतत तिकिटं काढणारा तो नेहमीचा प्रवासी, असं धरून याद्या तयार झाल्या आणि 1 मे 1981 रोजी नेहमीच्या प्रवाशांना बक्षीस देणारी ‘ॲडव्हान्टेज’ योजना सुरू झाली. विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा 1978 साली झाला होता. भाड्यांची चढाओढ लागलेली असताना नेहमीचं गिऱ्हाईक टिकवणं ही निकडीची बाब झाली होती.

खरेदीवर बक्षीस देण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी. अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन कंपनीची हिरवी तिकिटं 1896 पासून दुकानांत मिळत. ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की वस्तू घ्यायची. पण वही कोणाची, याच्याशी दुकानदाराला कर्तव्य नसे. 1981 नंतर नेमकं तेच बदललं.

हॉटेलांत ही लाट दोनच वर्षांत पोचली. 1983 साली हॉलिडे इनने ‘प्रायॉरिटी क्लब’ काढला, त्याच वर्षी मॅरियटची योजना आली. 1987 मध्ये हिल्टन आणि हयातही उतरले. हॉलिडे इनला पुढाकार घेणं सोपं गेलं, त्याला कारण होतं. केमन्स विल्सन यांनी 1952 साली मेम्फिसमध्ये सुरू केलेली ही साखळी मुख्यतः फ्रँचायझीवर वाढली होती. पाटी एक, मालक अनेक. या हॉटेलांना जोडणारी ‘हॉलिडेक्स’ ही आरक्षण यंत्रणा आयबीएमच्या मदतीने 1965 सालीच उभी राहिली होती. पाहुण्याचं नाव गावोगावी पोचवायला तारा आधीच टाकलेल्या होत्या.

त्याआधी हॉटेलची स्मरणशक्ती रिसेप्शनच्या काउंटरमागे असे. भिंतीवर धातूचा रॅक, त्यात प्रत्येक खोलीसाठी एक खाच. पाहुणा आला की नाव, दर आणि जाण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी त्या खाचेत सरकवायची. तो गेला की चिठ्ठी निघाली. मोठ्या हॉटेलांत याशिवाय ‘गेस्ट हिस्टरी’ची कार्डं ठेवली जात: कोणती खोली आवडली, कोणत्या मजल्यावर नको, मागच्या वेळी तक्रार काय होती. मुंबईचं ताजमहाल हॉटेल 1903 साली उघडलं, तेव्हापासून अशा हॉटेलांची ख्याती पाहुण्याला नावानिशी ओळखणाऱ्या माणसांवरच उभी राहिली. मात्र जुना कारकून निवृत्त झाला, की बरीचशी ओळख त्याच्याबरोबर जाई. शिवाय मुंबईतलं कार्ड दिल्लीच्या काउंटरवर दिसत नसे.

संगणकाने ही दोन्ही कुंपणं मोडली. 1987 साली म्युनिकमध्ये ‘फिडेलिओ’ हे हॉटेल चालवण्याचं सॉफ्टवेअर जन्माला आलं. पुढे ते मायक्रोस या अमेरिकी कंपनीकडे गेलं, त्यातून ‘ऑपेरा’ आलं आणि 2014 साली ओरॅकलने मायक्रोस विकत घेतली. अशा सॉफ्टवेअरच्या केंद्रस्थानी खोलीइतकंच पाहुण्याचं ‘प्रोफाइल’ असतं. त्याला मेंबर नंबर जोडायचा, सिल्व्हर-गोल्ड असे स्तर आखायचे आणि नियम भरायचे: किती रुपयांमागे किती पॉइंट, कर धरायचा की नाही, रेस्टॉरंटचं बिल मोजायचं का, कोणत्या रेट कोडला पॉइंट द्यायचेच नाहीत, पॉइंट किती महिन्यांनी बाद होणार.

एवढं करूनही सगळं अडतं ते काउंटरवर. घाईत कोणी ‘एस. कुलकर्णी’ लिहितं, पुढच्या खेपेला ‘सुनील कुलकर्णी’, तर ऑनलाइन आलेल्या आरक्षणात आडनाव आधी. एकाच माणसाची तीन प्रोफाइलं होतात, मुक्कामाच्या रात्री वाटल्या जातात तिन्हींत, आणि हक्काचा गोल्ड मेंबर नवखा ठरतो. म्हणून दुहेरी प्रोफाइलं शोधून एकत्र करणं हे अशा योजनेतलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत मोलाचं काम आहे.

पॉइंट दिसायला बक्षीस, हिशेबात मात्र देणं. साखळीतल्या एखाद्या हॉटेलात मेंबर पैसे देऊन राहिला, की ते हॉटेल बिलाचा ठरलेला हिस्सा योजनेच्या मध्यवर्ती निधीत भरतं. तोच मेंबर दुसऱ्या हॉटेलात पॉइंटांवर फुकट राहिला, की त्या हॉटेलला निधीतून मोबदला मिळतो. न वापरलेले पॉइंट ताळेबंदात जबाबदारी म्हणून बसतात. म्हणूनच गर्दीच्या तारखांना पॉइंट चालणार नाहीत, अशा अटी रूढ झाल्या. 1999 साली स्टारवूड या हॉटेल साखळीने आपल्या योजनेतून या ‘बंदीच्या तारखा’ काढून टाकल्या, आणि फिरतीवरच्या व्यावसायिकांनी ती योजना डोक्यावर घेतली.

मग इंटरनेट आलं. बुकिंग डॉट कॉम आणि एक्सपीडिया या ऑनलाइन आरक्षणाच्या साइट, दोन्ही 1996 सालच्या. खोल्या भरू लागल्या, पण कमिशन जाऊ लागलं आणि पाहुण्याशी असलेला थेट धागाही तुटू लागला. बहुतेक साखळ्या अशा आरक्षणांवर पॉइंट देत नाहीत, ते यामुळेच. 2016 साली हिल्टनने थेट आरक्षण करणाऱ्या मेंबरांना कमी दर देण्याची मोठी मोहीम काढली. लॉयल्टी योजना आता मध्यस्थाला टाळण्याचं साधन झाली होती.

भारतात ताजची योजना 2022 मध्ये टाटा न्यू या ॲपशी जोडली गेली. तिथला एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, त्यामुळे हॉटेलात मिळालेलं नाणं किराण्यातही चालू लागलं. दुसरीकडे क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरने लहान मालकांनाही दार उघडून दिलं. सुरतेत 2005 साली सुरू झालेली ईझी टेक्नोसिस त्यांतलीच; 2019 मध्ये तिला कोरियाच्या यानोल्जाने घेतलं. वीस खोल्यांच्या हॉटेललाही आता महिन्याच्या भाड्याने सॉफ्टवेअर घेऊन स्वतःचे स्तर आणि सवलती आखता येतात.

या सोयीबरोबर जोखीमही आली. मॅरियटने 2016 साली स्टारवूड घेतलं आणि 2019 मध्ये एकत्रित योजनेला ‘बॉनव्हॉय’ नाव दिलं. त्याच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर 2018 मध्ये, उघड झालं होतं की स्टारवूडच्या आरक्षण नोंदींत 2014 पासून कोणीतरी शिरलेलं होतं. सुमारे 52.5 लाख पासपोर्ट क्रमांक सांकेतिक कुलुपाशिवाय पडून होते. ब्रिटनच्या नियामकाने 2020 साली मॅरियटला 1.84 कोटी पौंडांचा दंड केला. भारतातही 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. तेव्हा नवी योजना आखणाऱ्या मालकाने पॉइंटांच्या दराआधी काही गोष्टी ठरवायला हव्यात: ओळखपत्राची प्रत किती दिवस ठेवायची, ती कोणत्या लॉगिनला दिसणार, आणि पाहुण्याने आपली नोंद काढून टाकायला सांगितली तर ते काम कोण करणार.