गिरणीतील खाती आणि खात्यांतील माणसे

मराठी साहित्यसमीक्षेत 'गिरणी कामगार' हा शब्द बहुधा एकाच ठोकळेबाज माणसासाठी वापरला जातो. भोंगा, चाळ, संप आणि लाल बावटा एवढ्या खुणांनी त्याचे चित्र पुरे होते. तो गिरणीच्या दरवाजातून आत गेल्यावर कोणत्या खात्यात उभा राहत असे आणि त्याचे हात तेथे नेमके काय करत असत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते मुंबईच्या श्रमिकांचा इतिहास समजून घेण्यासाठी हाच प्रश्न आधी विचारायला हवा. कारण गिरणीतील खात्यांची वाटणी ही जितकी यंत्रांची होती, तितकीच समाजाचीही होती.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढलेली, ताडदेवची मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. आरंभीच्या गिरण्या मुख्यत्वे सूत काढणाऱ्या होत्या आणि त्या सुताचे मोठे गिऱ्हाईक चीन हे होते. ती बाजारपेठ हातची जाऊ लागली तसतसे गिरण्यांत मागांची संख्या वाढत गेली आणि विणाई खात्याला महत्त्व आले. पुढील विवेचनासाठी हा क्रम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कापसाच्या गाठीपासून कापडाच्या घडीपर्यंतचा प्रवास अनेक हातांतून होत असे. ब्लोरूममध्ये गाठी फोडून कापूस पिंजला जाई. कार्डिंग खात्यात त्याचे तंतू विंचरून जाड, मऊ पेळू निघे. पुढे ड्रॉइंग आणि रोव्हिंगच्या यंत्रांवर तो ताणून बारीक केला जाई, आणि रिंग खात्यात त्याला पीळ बसून सूत तयार होई. तेथे तुटलेला धागा सांधणारे कामगार यंत्राच्या बाजूने सतत फेऱ्या घालत, तर डॉफर भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवीत. डॉफरचे काम बहुधा पोरांकडे असे. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. ही 'सुधारणा' होती, यावरून आधीच्या स्थितीची कल्पना यावी. सूत वाइंडिंग खात्यात गुंडाळले जाई, वॉर्पिंगमध्ये त्याचा ताणा भरला जाई, सायझिंगमध्ये त्याला खळ लावली जाई आणि मग ते मागावर चढे. शेवटी रंगाई आणि घडीचे खाते.

प्रत्येक खात्याने आपली खूण कामगाराच्या शरीरावर ठेवली. ब्लोरूम आणि कार्डिंगमधील कापसाची धूळ फुप्फुसात साचून बिसिनोसिस हा विकार जडे; आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्या दिवशी छाती विशेष आवळून येणे हे त्याचे लक्षण. विणाई खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली असे आणि मागांच्या खडखडाटाने कान बधिर होत. तरीही विणाई खाते हे हवेसे वाटणारे खाते होते. तेथे नगावर पैसे मिळत आणि सामान्यतः विणकराची कमाई रिंग खात्यातील कामगारापेक्षा बरीच अधिक असे.

या अधिक कमाईच्या खात्यात कोणाला प्रवेश होता? मराठा कामगार आणि मदनपुऱ्यातील मोमीन विणकर यांचे तेथे प्राबल्य होते. अस्पृश्य मानलेल्या जातींना मात्र ते खाते बंद होते. दिले जाणारे कारण असे: धोट्यातील बॉबिन संपली की नवी घालून तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळ.

या युक्तिवादाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. रिंग खात्यात दलित कामगार मोठ्या संख्येने होते. धोट्यात भरलेले सूत त्यांच्याच बोटांखालून आलेले असे. तुटलेला धागा त्यांनीच सांधलेला असे. त्या सुताचा विटाळ कोणाला झाला नाही. त्यापासून विणलेले धोतर नेसून माणसे देवळातही गेली. म्हणजे स्पर्शाची अडचण सुताला नव्हती, कापडालाही नव्हती. ती नेमकी तेथे उपटत होती, जेथे मजुरी वाढत होती. धर्माने दिलेले कारण आणि पगारपत्रकाने दिलेले कारण येथे एकमेकांत इतके गुंतले होते की एकाला सोडवू गेल्यास दुसरे हाती यावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा गुंता ओळखला होता. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात सुमारे दीड लाख कामगारांचा संप चालला. कामगारावर अधिक यंत्रे सोपवण्याच्या मालकांच्या योजनेला विरोध हे त्याचे एक प्रमुख कारण होते. विणाई खाते अस्पृश्यांना खुले व्हावे, असा आग्रह आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांकडे धरला, आणि त्यांनी तो फारशा उत्साहाने स्वीकारला नाही. फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाड येथे रेल्वेतील दलित कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, तेव्हा रेल्वेतील आणि गिरणीतील बंद दरवाजांचे हेच अनुभव त्यांच्यासमोर होते. याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले, हेही विसरता येत नाही. कामगारांची एकजूट त्यांना नको होती असे म्हणणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात.

स्त्रियांचे खातेही असेच ठरलेले होते. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत त्या नगावर काम करीत आणि त्यांच्यावर नायकीण देखरेख ठेवी. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत स्त्रिया सुमारे एक पंचमांश होत्या. पुढच्या चार दशकांत हे प्रमाण एक दशांशाच्याही खाली गेले. स्त्रियांना रात्री काम करण्यास कायद्याने मनाई होती आणि गिरण्या तर अधिकाधिक पाळ्यांत चालू लागल्या होत्या. १९२९च्या मुंबई प्रांताच्या प्रसूतिलाभ कायद्याचा भार मालकावर होता. वाइंडिंगची नवी वेगवान यंत्रे आली. संरक्षणासाठी केलेले नियम बाईला कामावर न घेण्याचे निमित्त ठरले.

माणूस कोणत्या खात्यात जाईल हे पुष्कळदा ठरवी तो जॉबर. रत्नागिरी किंवा साताऱ्याकडून आलेल्या गाववाल्याला कामाला लावणे, त्याबद्दल दस्तुरी घेणे, नडीला उसने देणे आणि मर्जी फिरली की घरी बसवणे हे सारे त्याच्या हाती असे. १९३१च्या रॉयल कमिशनच्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका आहे. १९३५ पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंद ठेवून जॉबरचे हात काहीसे बांधले. परंतु बदली राहिलाच. रोज सकाळी दरवाजाशी उभे राहायचे, कोणाचा खाडा पडला तर आत जायचे, नाही तर परतायचे. त्याचे खाते दुसऱ्याच्या आजारपणावर ठरत असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा मागण्यांत वेतनवाढीबरोबर बदलींना कायम करण्याचा प्रश्नही होता. त्या संपानंतर गिरण्या क्रमाक्रमाने बंद होत गेल्या आणि खाती नाहीशी झाली. उरला तो 'गिरणी कामगार' हा एक सरसकट शब्द.

मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांवरील आपल्या कादंबरीला 'धावता धोटा' असे नाव दिले. गिरणीचे प्रतीक म्हणून धोटा निवडणे स्वाभाविकच आहे. तरी गिरणीतल्या कितीतरी कामगारांना तो हाती धरण्याची मुभा नव्हती, हे त्या नावासोबत वाचले पाहिजे. कामगार साहित्याचा अभ्यास करताना प्रत्येक पात्राचे खाते विचारावे, असे आम्हांस वाटते. त्याचा पगार, त्याची जात, त्याचा आजार आणि त्याच्या संपाची धार यांतले बरेच काही त्या एका उत्तरात मिळते.