छावणीचें विद्यापीठ

संशयितांना एका कुंपणांत कोंडलें म्हणजे बाहेरचा उपद्रव थांबतो, असा बहुतेक सरकारांचा समज असतो. १९१६ सालीं ब्रिटिश सरकारचाहि तोच होता. त्या वर्षीं ईस्टरच्या सणांत डब्लिन शहरीं उठलेलें बंड सहा दिवसांत मोडलें. पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि आयर्लंडभर सुमारें साडेतीन हजार लोकांची धरपकड झाली. त्यांतले कित्येक बंडाच्या वाऱ्यालाहि उभे राहिले नव्हते. तरी सुमारें अठराशे जणांना खटला न चालवितां वेल्समधील फ्रॉंगॉक येथें नेऊन टाकलें. दारूची एक बंद पडलेली भट्टी आणि जवळच्या लांकडी झोंपड्या, एवढीच ती छावणी. पूर्वीं तेथें जर्मन युद्धकैदी असत.

बंडवाल्यांना वर्षानुवर्षें खपून जें साधलें नसतें, तें सरकारनें येथें आपल्या हातानें करून दिलें. गॉलवेचा शेतकरी, डब्लिनचा कारकून आणि कॉर्कचा दुकानदार एरवीं कशाला भेटते! ते आतां एका पंगतीस बसले. अंतर्गत व्यवस्था बंदिवानांच्याच हातीं असल्यानें कवाइती, आयरिश भाषेचे वर्ग, इतिहासाचीं व्याख्यानें सुरू झालीं. पंचवीस वर्षांचा मायकेल कॉलिन्स येथेंच माणसें पारखूं लागला, आणि गुप्त संघटनेची उसवलेली वीण पुन्हा घातली गेली.

पुढें एका समितीनें एकेकाचें प्रकरण तपासून बहुतेकांना त्याच उन्हाळ्यांत सोडलें. माझ्या मतें ही पारख धरपकडीच्या वेळींच व्हावयास हवी होती. मध्यंतरीं मवाळ म्हणून आलेला जहाल होऊन परतला. उरलेल्यांतून ब्रिटनमध्यें राहिलेले तरुण हुडकून फौजेंत भरण्याचें सरकारनें मनांत आणलें, तेव्हां शेंकडों बंदिवानांनीं आपलें नांव सांगण्याचेंच नाकारलें. पहारेकऱ्यांना कोण कोणता हेंच कळेना! नाताळास सर्वांना सोडावें लागलें. १९१८ च्या निवडणुकींत आयर्लंडच्या १०५ जागांपैकीं ७३ शिन फेन पक्षानें जिंकल्या.

आयर्लंडचा लढा स्वातंत्र्याचा होता. इराकमधील बुक्का छावणींत जें शिजलें त्याच्याशीं त्याची तुलना हेतूंत होणार नाहीं. कोंडण्याची रीत मात्र तीच. अमेरिकन सैन्यानें तेथें साध्या संशयितांच्या गर्दींत कट्टर प्रचारक मिसळूं दिले. २००७ सालीं जनरल डग्लस स्टोन यांनीं कट्टरांना निराळें काढलें, इतरांस अक्षरओळख व धंदेशिक्षण दिलें आणि सुटकेसाठीं प्रत्येकाची सुनावणी सुरू केली. पण २००४ सालीं त्याच छावणींत ठेविलेला अबू बक्र अल्-बगदादी तोंवर केव्हांच सुटून गेला होता.