रांजणातून निघालेला ताप



चिकनगुनिया हे नाव आपल्याकडे २००६ साली घरोघरी पोचलं. नावात चिकन, म्हणून कितीतरी घरांत कोंबडी शिजेनाशी झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला होता, त्यामुळे संशयाला आणखी बळ आलं. पण या नावात कोंबडी कुठेच नाही. शब्द आफ्रिकेतला आहे, मकोंडे लोकांच्या बोलीतला. अर्थ आहे, वाकवून टाकणारा. सांधे असे धरतात की माणसाला ताठ उभं राहता येत नाही. ज्यांनी तो ताप अंगावर काढला आहे, त्यांना अर्थ वेगळा सांगायला नको.

हे मकोंडे लोक राहतात ते पठार आजच्या टांझानिया देशाच्या दक्षिणेला आहे. १९५२ च्या सुमारास तिथे मोठी साथ आली, तेव्हा हा रोग पहिल्यांदा नीट नोंदला गेला. पठारावर पाण्याची टंचाई. खालच्या दरीतून पाणी आणायचं आणि झोपडीतच भांड्यांत साठवून पुरवायचं. साथीचा तपास करणाऱ्यांना डास सापडले ते याच घरातल्या पाण्यात. मैत्रिणींनो, हे ऐकताना आपल्याला आपलंच गाव दिसतं की नाही?

या डासाचं नाव एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावतो दिवसाढवळ्या. मुळात हा आफ्रिकेच्या जंगलात झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढणारा. माणसाने पाणी साठवायला सुरुवात केली तसा तो घरात शिरला, आणि पुढे जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून समुद्र ओलांडून गेला. स्वतःच्या पंखांनी मात्र तो फार तर चार-पाचशे पावलं जातो. मग रोग एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातो कसा? तो जातो माणसाच्या अंगातून. ताप आल्यावर पहिले काही दिवस विषाणू रक्तात असतो. तेवढ्यात माणूस बोटीने, रेल्वेने, विमानाने दूर पोचतो, आणि तिथला डास त्याला चावून पुढच्या घरी रोग नेतो.

भारतात ही साथ १९६३ साली कोलकात्याला आली. १९६४ ला मद्रास, १९६५ ला आपलं नागपूर. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. आदल्याच वर्षी, १९७२ चा तो दुष्काळ पडलेला. दुष्काळानेच साथ आणली असं आम्ही म्हणत नाही, पण त्या दिवसांत पाण्याचा थेंबन्‌थेंब कसा जपला जात होता, ते घरातल्या वयस्क बायकांना विचारून बघा.

बार्शीनंतर तीस-बत्तीस वर्षं देशात मोठी साथ आली नाही. एकदा हा ताप येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. ज्यांना झाला ते सुटले, आणि विषाणूला नवी माणसं मिळेनात. पण तेवढ्या काळात एक अख्खी पिढी जन्माला आली, जिच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद नव्हती. मध्येच, २००० साली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला पुणे जिल्ह्यातल्या यवत इथल्या डासांत हा विषाणू मिळाला. तो जुन्या साथींतल्या जातीचा नव्हता, आफ्रिकेकडच्या जातीचा होता.

मग २००४ साल उजाडलं. केनिया देशाच्या किनाऱ्यावर लामू नावाचं बेट आहे. तिथे पाऊस नव्हता. लोकांनी पाणी जपून, दिवसेंदिवस न बदलता साठवलं. बेटावरच्या चारांपैकी तीन माणसांना लागण झाली. तिथून मोंबासा, मग कोमोरो बेटं, मग फ्रेंचांच्या ताब्यातलं रियुनियन. तिथली वस्ती आठ लाखांच्या आतली, त्यातले अडीच लाखांहून जास्त आजारी पडले. आणि रियुनियनमध्ये विषाणूने कात टाकली. तिथे इजिप्ती डास कमी, त्याचा भाऊबंद अल्बोपिक्टस जास्त. विषाणूत एक बारीकसा बदल झाला आणि तो या दुसऱ्या डासातही जोमाने वाढू लागला.

२००५ च्या शेवटी साथ भारतात आली. आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र होरपळून निघाले. २००६ मध्ये देशात जवळजवळ १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. पुढच्या वर्षी केरळात अल्बोपिक्टस डासांनी ती पसरवली. रबराच्या मळ्यांत चीक गोळा करायला झाडाला वाट्या बांधतात, त्यांत साचलेलं पावसाचं पाणी त्यांना पुरेसं होतं. त्याच २००७ साली भारतातून गेलेल्या एका प्रवाशामुळे इटलीतल्या रावेन्नाजवळच्या गावांत दोनशेच्या वर लोक आजारी पडले. इटलीत हा डास १९९० च्या सुमारास जुन्या टायरांच्या व्यापारातून पोचलेला होता. टायरमध्ये चिकटलेली अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने तग धरतात, पाणी लागलं की फुटतात.

आता आपल्या पिंपाकडे वळू. भिंतीवरच्या चित्रात नेहमी एक बाई रांजण उपडा करताना दिसते. जणू साथ तिच्याच आळसाने आली. मकोंडेतल्या बाईने काय, लामूतल्या बाईने काय, पाणी साठवलं ते रोज मिळत नव्हतं म्हणून. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, हे सांगणं बरोबरच आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पण टँकर दहाव्या दिवशी येणार असेल तर सातव्या दिवशी पाणी ओतून कोण देणार?

पिंप आपोआप रिकामं होतं ते टँकर यायच्या तोंडावर. घासायची वेळ तीच. नुसतं विसळून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर काठाला चिकटलेली असतात. काथ्याने खरवडावं लागतं. नंतर जुन्या लुगड्याची दुहेरी घडी तोंडावर दोरीने करकचून बांधायची. पण टँकर न सांगता येतो, बाई शेतात असते, आणि जुन्याच पाण्यावर नवं पाणी पडतं. म्हणून येत्या ग्रामसभेत गटातर्फे एवढं एक मागून घेऊ: टँकरचा दिवस आणि वेळ आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून सांगायची.