आउटबोर्ड मोटरचा इंधनपंप

1909 मध्ये ओली एव्हिनरूड यांनी मिलवॉकीत आउटबोर्ड मोटरींचा धंदा सुरू केला, तेव्हा पंप नव्हताच. टाकी इंजिनाच्या माथ्यावर, पेट्रोल आपसूक खाली उतरे. 1950च्या सुमारास टाकी होडीत आली. दुहेरी नळीतून इंजिन टाकीत हवा दाबी आणि पेट्रोल वर चढे. झाकण ढिले असले की इंजिन बंद! पुढे क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर हलणारा पडद्याचा पंप आला. इंजिन सुरू करण्याआधी हाताने रबरी फुगा दाबला की पुरे. विजेचा पंप खऱ्या अर्थाने रुळला तो इंधन-इंजेक्शनमुळे, कारण तिथे जास्त आणि स्थिर दाब लागतो. मात्र इंजिन थांबल्यावरही पंप चालू राहिला, तर फुटक्या नळीतून पेट्रोल होडीत साचते. म्हणूनच होडीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनांसाठी अमेरिकी नियम सांगतो: इंजिन सुरू करताना किंवा चालू असतानाच विजेचा पंप चालावा.