मनोरुग्णालयातील रुग्ण बोलत का नाहीत?

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण वॉर्डात शेजारच्याशीही बोलत नाही, तेव्हा घरच्यांना तो रुसला आहे असे वाटते. बहुतेक वेळा कारण आजारातच असते. विचारांची साखळी तुटते, म्हणून दोन रुग्ण समोरासमोर बसूनही आपापलेच बोलत राहतात. काहींचे बोलणेच आटते. कानात आवाज येत असतील तर समोरच्याकडे लक्ष लागत नाही.

औषधांचाही वाटा असतो. तोंड कोरडे पडते, गुंगी येते. जीभ किंवा जबडा अचानक आखडला तर लगेच नर्सला सांगा. बहुधा इंजेक्शनने आराम पडतो.

खरा धोका दुखणे न सांगण्यात आहे. क्लोझापिनमुळे बद्धकोष्ठता होते, ती वाढून आतड्यांची हालचाल थांबू शकते आणि जिवावर बेतते. रुग्ण मात्र ‘पोटात साप आहे’ एवढेच म्हणतो आणि सगळे त्याला भ्रम समजतात. भ्रम असेलही, पण पोट तपासायलाच हवे. भेटीला जाल तेव्हा थेट विचारा: शौचाला कधी झाली? ताप आहे का? घसा दुखतो का? (याच औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी फार कमी होतात.) एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा, मिनिटभर लागले तरी.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत मराठी न येणारे रुग्णही असतात. तिथे भाषाच आड येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार समजेल त्या भाषेत माहिती मिळणे, तसेच फोन आणि भेट हा रुग्णाचा हक्क आहे. फोनच्या वेळा वॉर्डात विचारून ठेवा.