वित्तीय गुप्तवार्ता विभाग, भारत

काळा पैसा पांढरा करणारे व्यवहार आणि दहशतवादाला होणारा अर्थपुरवठा यांचा माग काढणारी केंद्रीय यंत्रणा. स्थापना १८ नोव्हेंबर २००४; मुख्यालय नवी दिल्ली. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा असला, तरी तो १ जुलै २००५ रोजी अमलात आला. त्यानुसार बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल आणि मार्च २०२३ पासून आभासी चलनाचे व्यवसायही १० लाख रुपयांवरील रोख व्यवहार विभागाला कळवतात. संशयास्पद व्यवहाराला मात्र रकमेची अट नाही, आणि ते फार मोलाचे आहे. कारण घातपातासाठी लागणारा पैसा पुष्कळदा थोडका असतो, कधी तर कष्टाच्या कमाईतून किंवा देणगीतून आलेला. संशयास्पद व्यवहार कळवल्याचा सुगावा ग्राहकाला लागू द्यायचा नसतो. विभाग स्वतः छापे घालत नाही. माहितीची छाननी करून ती सक्तवसुली संचालनालयासारख्या तपास यंत्रणांकडे सोपवतो.

या कामाचे जागतिक निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाचे सदस्यत्व भारताला जून २०१० मध्ये मिळाले. दलाच्या २०२४ च्या मूल्यमापनात देशाला ‘नियमित पाठपुरावा’ या वरच्या गटात स्थान लाभले. खरी अडचण न्यायालयात आहे: खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, यावर त्याच अहवालाने बोट ठेवले.